घरखरेदीचा करार : स्वाक्षरीपूर्वीची कायदेशीर पावले

स्वतःचे घर ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठी आर्थिक उलाढाल असते. वीस-पंचवीस वर्षांची बचत आणि त्याहून दीर्घ मुदतीचे कर्ज एका स्वाक्षरीने पणाला लागते. तरीही भाजी घेताना जितकी पारख केली जाते, तितकीही पारख घराची कागदपत्रे पाहताना अनेकदा केली जात नाही. 'रजिस्ट्री झाली की घर आपले' हा समज यामागे असतो. भारतीय कायद्याची रचना पाहता हा समज अपुरा आहे. घरखरेदीचा करार करण्यापूर्वी कोणती पावले उचलावीत आणि त्यांमागे कोणती कायदेशीर तत्त्वे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात छत्तीसगढची राजधानी रायपूर हे उदाहरण समोर ठेवून केला आहे. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने राज्यघटना, महसूल कायदे, आदिवासी हक्क आणि नागरी नियोजन हे चारही विषय येथे एकत्र येतात.

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, नोकरीनिमित्त नागपूरहून रायपूरला आलेले एक कुटुंब शहराच्या कडेला १,२०० चौरस फूट भूखंडावरील एक तयार घर पाहते. घर पसंत पडते, किंमत ठरते आणि विक्रेता दोन लाख रुपये बयाणा मागतो. 'आज सही करा, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे,' असेही तो सांगतो. या कुटुंबाने सही करावी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुढील सर्व मुद्दे उपयोगी पडतील.

नोंदणी कशाची : दस्ताची की मालकीची?

जगात जमिनीच्या नोंदणीच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत शासन मालकीचीच नोंद ठेवते व त्या नोंदीची हमी घेते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये सुरू झालेली व रॉबर्ट टॉरेन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत ही तिचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या पद्धतीत शासन केवळ व्यवहाराच्या दस्ताची नोंद करते. दस्त करून देणारा खरोखर मालक होता किंवा कसे, याची हमी शासन देत नाही. भारतात नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये ही दुसरी पद्धत प्रचलित आहे. म्हणूनच भारतातील मालकी 'गृहीत' स्वरूपाची मानली जाते, निर्णायक नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात तामिळनाडूचा एक नियम रद्द ठरविताना हेच तत्त्व पुन्हा मांडले. विक्रेत्याची मालकी तपासणे हे उपनिबंधकाचे काम नाही, असे न्यायालयाने म्हटले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जो तपास शासन करीत नाही तो खरेदीदारालाच करावा लागतो, आणि तो करण्याची योग्य वेळ पैसे देण्यापूर्वीची, म्हणजे करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वीची असते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ या संदर्भात बारकाईने वाचण्याजोगे आहे. मालमत्तेतील किंवा मालकीतील महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. परंतु हे कर्तव्य अशाच दोषांपुरते आहे, जे विक्रेत्याला ठाऊक आहेत आणि खरेदीदाराला ठाऊक नाहीत व सामान्य दक्षता घेऊनही समजू शकले नसते. जो दोष कार्यालयात जाऊन सहज कळला असता, त्याबद्दल पुढे तक्रार करणाऱ्या खरेदीदाराची बाजू कायद्यानेच दुबळी केली आहे. याच अधिनियमाच्या कलम ३ नुसार नोंदणीकृत दस्ताची माहिती खरेदीदाराला होती असे मानले जाते. घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या व्यक्तीच्या हक्काबाबतही तसेच गृहीत धरले जाते. 'मला माहीत नव्हते' हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

रायपूरची पार्श्वभूमी : एक राज्य, दोन संहिता

रायपूर आणि विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे तेथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. रायपूर मध्य प्रदेशात राहिले व तेथे मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ आली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन झाल्यावर हीच संहिता छत्तीसगढ भू-राजस्व संहिता म्हणून पुढे चालू राहिली.

मराठी वाचकाला म्हणूनच रायपूरचे महसुली शब्द काहीसे ओळखीचे आणि काहीसे वेगळे वाटतात. महाराष्ट्रातील सात-बाराच्या जागी तेथे बी-१ (खतौनी) आणि पी-२ (खसरा) हे उतारे असतात. तलाठ्याला तेथे पटवारी म्हणतात आणि फेरफाराला नामांतरण. अकृषिक परवानगीसाठी व्यपवर्तन किंवा बोलीभाषेत 'डायव्हर्जन' हा शब्द आहे. जमीनधारकाला संहितेने 'भूमिस्वामी' म्हटले आहे. संहितेच्या कलम ५७ नुसार सर्व जमीन मूलतः राज्य शासनाची असून भूमिस्वामी हा तिच्यावरील सर्वोच्च धारणाधिकार आहे. शहरांतील 'नझूल' जमिनी नागपूरकरांना परिचित आहेतच. रायपूरमध्येही शासनाच्या मालकीच्या अशा जमिनी पट्ट्याने दिलेल्या आढळतात.

घटनात्मक चौकटही येथे लक्षात घ्यावी. जमीन हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा (नोंद १८) विषय आहे. शेतजमीन वगळता इतर मालमत्तेचे हस्तांतरण व दस्तनोंदणी (नोंद ६) आणि करार (नोंद ७) हे समवर्ती सूचीत आहेत. त्यामुळे एकाच घराच्या व्यवहाराला केंद्राचे आणि राज्याचे असे दोन्ही कायदे लागू होतात. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला असला, तरी अनुच्छेद ३००-अ अन्वये तो घटनात्मक हक्क आहे.

इसार, साठेखत आणि खरेदीखत

व्यवहाराच्या टप्प्यांत अनेकांची गल्लत होते. किंमत ठरल्यावर दिली जाणारी रक्कम म्हणजे इसार. रायपूरकडे तिला बयाणा म्हणतात. त्यानंतर अटी नमूद करणारा विक्रीचा करार होतो. महाराष्ट्रात त्याला साठेखत, तर छत्तीसगढमध्ये इकरारनामा म्हणतात. शेवटी होते ते खरेदीखत, म्हणजेच बोलीभाषेतील 'रजिस्ट्री'.

१८८२ च्या अधिनियमाच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी मिळते ती मुद्रांकित व नोंदणीकृत खरेदीखतानेच. मग कराराला एवढे महत्त्व का? कारण करार झाला की दोन्ही पक्ष बांधले जातात. खरेदीदाराने माघार घेतल्यास इसार बुडू शकतो. विक्रेत्याने माघार घेतल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ अन्वये करार पुरा करून मागता येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा आदेश देणे न्यायालयाच्या केवळ स्वेच्छाधिकाराचा भाग राहिलेले नाही. मात्र खरेदीदार आपली बाजू पुरी करण्यास सदैव तयार व इच्छुक होता, हे सिद्ध व्हावे लागते आणि दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. म्हणून सर्व चौकशी करारानंतर नव्हे, तर करारापूर्वी पूर्ण व्हावी, हाच या विषयाचा गाभा होय.

पहिले पाऊल : विकणारा कोण?

विक्रेता स्वतः मालक आहे काय, एकटाच मालक आहे काय आणि विकण्यास कायद्याने सक्षम आहे काय, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत.

वडिलोपार्जित मालमत्तेत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायकाचा हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तो अधिक स्पष्ट केला. तरीही वडिलांच्या निधनानंतर महसुली नोंदीत केवळ मुलांची नावे लागलेली आढळतात. नोंदीत नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही. आपल्या उदाहरणातील विक्रेत्याने हे घर वडिलांकडून मिळाल्याचे सांगितले असेल, तर वारसांची पूर्ण यादी आणि सर्वांची करारावर संमती घेणे आवश्यक ठरते. वारसांत अज्ञान बालक असल्यास त्याच्या हिश्शाच्या विक्रीसाठी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ अन्वये न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते.

मुखत्यारपत्राच्या आधारे विक्री होत असेल तर अधिक सावधानता हवी. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे काय, विक्रीचा अधिकार स्पष्ट दिला आहे काय आणि ते रद्द झालेले नाही ना, याची खातरजमा करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात असे ठरविले की, मुखत्यारपत्र, विक्रीकरार व मृत्युपत्र एकत्र करून केलेल्या तथाकथित विक्रीने मालकी मिळत नाही.

दुसरे पाऊल : मालकीची साखळी

आजच्या विक्रेत्याला मालमत्ता कोणाकडून मिळाली, त्याला कोणाकडून मिळाली, असे मागे मागे जात प्रत्येक दुवा कागदावर तपासणे म्हणजे मालकीचा शोध. त्यासाठी मूळ दस्त पाहावेत आणि उपनिबंधक कार्यालयातील सूचींमध्ये शोध घ्यावा. नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ नुसार शुल्क भरून या सूची पाहता येतात.

हा शोध बहुधा तीस वर्षांचा घेतला जातो. याचे कारण मुदत अधिनियम, १९६३ मध्ये सापडते. गहाण सोडविण्याच्या दाव्यासाठी आणि शासनाने करावयाच्या दाव्यासाठी तीस वर्षांची, तर मालकीच्या आधारे कब्जा मागण्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे. तीस वर्षांची साखळी अखंड असेल, तर जुना दावा उपस्थित होण्याची शक्यता बरीच कमी होते. मूळ दस्ताऐवजी केवळ छायाप्रत दाखविली जात असेल, तर मूळ दस्त एखाद्या बँकेकडे तारण असण्याची शक्यता गृहीत धरावी.

तिसरे पाऊल : महसुली अभिलेख आणि जमिनीचा प्रकार

छत्तीसगढमध्ये 'भुइयां' या संगणकीय प्रणालीवर बी-१ व पी-२ उतारे पाहता येतात, तर भू-नकाशा प्रणालीवर खसरा क्रमांकाचा नकाशा मिळतो. उताऱ्यावरील भूमिस्वामीचे नाव, खसरा क्रमांक, क्षेत्रफळ व शेरे यांची दस्ताशी आणि प्रत्यक्ष जागेशी तुलना करावी. चतुःसीमा जुळत नसतील तर स्वाक्षरीपूर्वी सीमांकन, म्हणजे शासकीय मोजणी करून घ्यावी.

मात्र उताऱ्याचे मोल ओळखून वापरावे. संहितेच्या कलम ११७ नुसार महसुली नोंदी विरुद्ध पुरावा येईपर्यंत बरोबर मानल्या जातात. पण नामांतरणाच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही वा संपतही नाही. तिचा उपयोग महसूल वसुलीपुरता आहे. जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. छत्तीसगढची संहिता त्याच मुळाची असल्याने हा निर्णय रायपूरच्या वाचकाला विशेष महत्त्वाचा आहे.

त्यानंतर जमिनीचा प्रकार पाहावा. जमीन शेतीची असून तिच्यावर घर उभे असेल, तर संहितेच्या कलम १७२ अन्वये व्यपवर्तन झाले आहे काय, हे तपासावे. झपाट्याने वाढणाऱ्या शहरांच्या कडेला शेतजमिनीचे मंजुरीविना लहान तुकडे पाडून विकण्याचा प्रकार, म्हणजे 'अवैध प्लॉटिंग', ही रायपूरचीही समस्या आहे. तिला आळा घालण्यासाठी छत्तीसगढ विधानसभेने २०२५ मध्ये संहितेत दुरुस्ती करून शेतजमिनीचे ०.०५ एकरपेक्षा, म्हणजे पाच डिसमिलपेक्षा लहान तुकडे करण्यावर बंदी घातली. महाराष्ट्रातील १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आठवण करून देणारी ही तरतूद आहे. ०.०५ एकर म्हणजे सुमारे २,१७८ चौरस फूट. आपल्या उदाहरणातील भूखंड १,२०० चौरस फुटांचा आहे. त्याचे व्यपवर्तन झालेले नसेल आणि तो मोठ्या खसऱ्यातून आता वेगळा काढावयाचा असेल, तर खरेदीखताची नोंदणीच अडून बसू शकते. दोन लाखांचा बयाणा मात्र तत्पूर्वीच दिला गेलेला असेल.

जमीन शासनाकडून पट्ट्याने मिळालेली असल्यास कलम १६५ (७-ब) अन्वये जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीविना तिचे हस्तांतरण करता येत नाही. रायपूर विकास प्राधिकरण किंवा छत्तीसगढ गृहनिर्माण मंडळाकडून मिळालेले घर असेल, तर ते भाडेपट्ट्याचे आहे की पूर्ण मालकीचे, आणि हस्तांतरणास संबंधित संस्थेची अनुमती लागते काय, हे वाटपपत्रावरून पाहावे.

चौथे पाऊल : आदिवासी जमिनीचे संरक्षण

छत्तीसगढमध्ये लोकसंख्येच्या सुमारे ३० टक्के वाटा अनुसूचित जमातींचा आहे. जमीन हा या समाजाच्या उपजीविकेचा आधार असून कर्ज, अज्ञान व फसवणूक यांमुळे ती हातची जाऊ नये, यासाठी संहितेच्या कलम १६५ (६) मध्ये कठोर निर्बंध घातले आहेत. अनुसूचित क्षेत्रांत आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीला हस्तांतरित करता येत नाही. इतर क्षेत्रांत त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या महसूल अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि परवानगीची कारणे लेखी नोंदवावी लागतात. महाराष्ट्रातील १९६६ च्या संहितेची कलमे ३६ व ३६-अ याच हेतूची आहेत. त्यांचा घटनात्मक आधार पाचव्या अनुसूचीच्या तत्त्वज्ञानात आहे.

रायपूर शहर अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणून हा नियम आपल्याला लागू नाही, असा गैरसमज होऊ शकतो. वास्तविक परवानगीची अट तेथेही आहे. कलम १७०-ब अन्वये पूर्वीच्या काळात फसवणुकीने गेलेल्या आदिवासी जमिनी परत करण्याची तरतूद आहे. त्यामुळे मालकीच्या साखळीत कधीकाळी आदिवासी भूमिस्वामीचे नाव आढळले, तर त्या हस्तांतरणाचा परवानगी आदेश पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही दक्षता खरेदीदाराच्या पैशाचे रक्षण करते आणि त्याच वेळी दुर्बल जमीनधारकाचेही. दक्ष खरेदीदार असला की बेकायदा विक्रीला गिऱ्हाईकच मिळत नाही.

पाचवे पाऊल : नियोजन व बांधकाम परवानगी

जमीन निर्दोष असली तरी तिच्यावरील घर वैध असेलच असे नाही. छत्तीसगढ नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ अन्वये शहराची विकास योजना तयार होते. भूखंड तिच्यात निवासी वापरासाठी दाखविला आहे, की रस्ता, उद्यान वा हरित पट्ट्यासाठी, हे नगर तथा ग्राम निवेश कार्यालयातून जाणून घ्यावे. भूखंड वसाहतीतील असेल तर वसाहतीचा मंजूर अभिन्यास पाहावा. महानगरपालिका अधिनियम, १९५६ मध्ये वसाहत विकसकाने नोंदणी करण्याची आणि अवैध वसाहत उभारणाऱ्यास शिक्षा देण्याची तरतूद आहे. नवा रायपूर अटल नगरमधील मालमत्तेबाबत तेथील विकास प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

घराचा मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि बांधकामपूर्ती प्रमाणपत्र ही तीन कागदपत्रे मागून घ्यावीत. मंजुरी तळमजल्याची आणि प्रत्यक्षात दोन मजले, अशी स्थिती असल्यास वरच्या मजल्यावर कारवाईची टांगती तलवार राहते. अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणासाठी छत्तीसगढमध्ये २००२ चा स्वतंत्र अधिनियम आहे. तथापि 'पुढे नियमित होईल' या आश्वासनावर विसंबून न राहता नियमितीकरणाचा प्रत्यक्ष आदेश पाहणेच श्रेयस्कर ठरते.

सहावे पाऊल : बोजे, दावे आणि भूसंपादन

मालमत्तेवर कर्ज आहे काय, हे उपनिबंधकाच्या नोंदी, महसुली उताऱ्यावरील शेरे आणि केंद्रीय तारण नोंदवही, म्हणजे 'सरसाई', या तीन ठिकाणी तपासता येते. शेवटची नोंदवही २००२ च्या सरफेसी कायद्यातील तरतुदीनुसार २०११ मध्ये सुरू झाली. मूळ दस्त ठेवून घेतलेले कर्ज सामान्य सूचीत दिसेलच असे नसल्याने तिचे महत्त्व विशेष आहे.

न्यायप्रविष्ट मालमत्तेबाबत १८८२ च्या अधिनियमाचे कलम ५२ लागू होते. दावा चालू असताना मालमत्ता विकत घेणारा निकालाने बांधला जातो. ई-कोर्ट सेवेवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. महसूल न्यायालयांतील प्रकरणांचीही चौकशी करावी. घरात भाडेकरू असल्यास त्याच्या हक्काची व छत्तीसगढ भाडे नियंत्रण अधिनियम, २०११ ची दखल घ्यावी. मालमत्ता कर, पाणीपट्टी व वीजदेयक यांच्या थकबाकीची पावती मागावी.

शहराभोवती रस्ते व औद्योगिक प्रकल्प वाढत असताना भूसंपादनाची चौकशीही महत्त्वाची असते. भूसंपादन अधिनियम, २०१३ च्या कलम ११ नुसार प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीचे व्यवहार करण्यावर निर्बंध येतात.

नव्या प्रकल्पातील घर आणि रेरा

घर तयार नसून बांधकाम प्रकल्पातील असेल, तर स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच 'रेरा', लागू होतो. छत्तीसगढच्या नियामक प्राधिकरणाचे कार्यालय रायपूर येथे आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जमीन किंवा आठपेक्षा अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरात वा विक्री करता येत नाही. नोंदणीकृत प्रकल्पाची मालकी, मंजुऱ्या व प्रगती संकेतस्थळावर पाहता येते.

स्वाक्षरीपूर्वीच्या दृष्टीने कलम १३ सर्वांत महत्त्वाचे आहे. लेखी करार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय विकासकाला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन व बांधकाम खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. किंमत चटई क्षेत्रावर आधारलेली आहे काय, ते पाहावे. ताबा लांबल्यास कलम १८ अन्वये व्याज वा परतावा मिळतो. मालकी सदोष निघाल्यास मिळणाऱ्या भरपाईला मुदतीच्या कायद्याची आडकाठी नाही. बांधकामातील रचनात्मक दोष पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणून दिल्यास विकासकाला तो विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. आपल्या उदाहरणातील घर मात्र एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पुनर्विक्रीने जात आहे. अशा व्यवहारात रेराचे हे संरक्षण सहसा मिळत नाही, म्हणून खरेदीदाराची स्वतःची दक्षता अधिक मोलाची ठरते.

करारात काय असावे?

चौकशी समाधानकारक झाल्यावर कराराचा मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा. बँकेचा वकील बँकेच्या तारणाची सुरक्षितता पाहतो; खरेदीदाराच्या सर्व हितांची काळजी घेणे हे त्याचे काम नाही. करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात :

• मालमत्तेचे खसरा क्रमांक, क्षेत्रफळ व चतुःसीमांसह वर्णन.
• एकूण किंमत, दिलेली रक्कम, उर्वरित हप्ते व त्यांच्या तारखा.
• मालकी निर्दोष व बोजामुक्त असल्याची विक्रेत्याची हमी आणि दोष आढळल्यास भरपाईची तरतूद.
• खरेदीखत करण्याची अंतिम तारीख व ताबा देण्याचा दिवस.
• गृहकर्ज नाकारले गेल्यास किंवा आवश्यक परवानगी न मिळाल्यास इसार परत करण्याची अट.
• जुनी थकबाकी, मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क कोणी भरावे याचा उल्लेख.

इसाराची रक्कम धनादेशाने किंवा बँक हस्तांतरणाने द्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. किंमत ५० लाख रुपये वा अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का करकपात करून ती शासनाकडे भरावी लागते. कराराबरोबर ताबाही दिला जाणार असेल, तर कलम ५३-अ चे संरक्षण मिळण्यासाठी २००१ च्या दुरुस्तीनुसार त्या कराराची नोंदणी अनिवार्य आहे.

मुद्रांक शुल्क बाजारमूल्याच्या मार्गदर्शक दराशी निगडित असते. किंमत कमी दाखविल्यास भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ च्या कलम ४७-अ अन्वये फेरमूल्यांकन होऊ शकते. महिलांच्या नावे होणाऱ्या खरेदीला छत्तीसगढमध्ये मुद्रांक शुल्कात सवलत आहे. घराच्या मालकीत स्त्रीचे नाव यावे, हा या सवलतीमागील सामाजिक हेतू लक्षात घेण्याजोगा आहे.

सुधारणांची दिशा

भूमी अभिलेख आधुनिक करण्यासाठी केंद्र शासनाने २००८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तोच पुढे डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम झाला. प्रत्येक भूखंडाला १४ अंकी 'भू-आधार' क्रमांक देणे, २०२० पासून गावठाणांसाठी 'स्वामित्व' योजना आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी भूमापनासाठी सुरू झालेला 'नक्शा' हा प्रायोगिक कार्यक्रम, ही या दिशेने टाकलेली पावले होत. छत्तीसगढने एप्रिल २०२५ मध्ये नोंदणी अधिकाऱ्यांना नामांतरणाचे अधिकार दिले. त्यामुळे खरेदीखताबरोबरच महसुली नोंद बदलणे शक्य झाले.

या सुधारणांनी वेळ वाचतो व भ्रष्टाचाराच्या संधी कमी होतात. परंतु नोंद जलद झाली म्हणून ती अधिक खरी होत नाही. पूर्वी नामांतरणाच्या वेळी हरकती मागविल्या जात आणि एखादा वगळलेला वारस तेथे पुढे येऊ शके. ही पायरी आखूड झाल्यावर खरेदीपूर्व चौकशीचे महत्त्व उलट वाढते. हमी असलेल्या निर्णायक मालकीची पद्धत येईपर्यंत ही जबाबदारी नागरिकावरच राहणार आहे.

आता आरंभीच्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. समजा, त्याने त्या दिवशी सही केली नाही आणि पंधरा दिवसांचा अवधी मागून घेतला. शोधात असे आढळले की, विक्रेत्याच्या विवाहित बहिणीचे नाव नोंदीत नाही आणि व्यपवर्तनाचा आदेशही उपलब्ध नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात. बहिणीला करारात पक्षकार करून व व्यपवर्तनाचा आदेश मिळाल्यावरच खरेदी करणे किंवा व्यवहार सोडून देणे. दोन्ही मार्गांत कुटुंबाची पुंजी सुरक्षित राहते, आणि पहिल्या मार्गात त्या बहिणीला तिचा न्याय्य हिस्साही मिळतो. पंधरा दिवसही न देणारा विक्रेता असेल, तर त्याची ती घाईच खरेदीदाराला पुरेशी सूचना मानता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दस्तनोंदणी व मालकीनोंदणी या पद्धतींतील फरक सांगून भारतातील मालकी 'गृहीत' का मानली जाते, ते स्पष्ट करा.
२. 'नामांतरणाने मालकी सिद्ध होत नाही.' या विधानाची न्यायनिर्णयाच्या आधारे चर्चा करा.
३. छत्तीसगढ भू-राजस्व संहितेतील आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावरील निर्बंधांचा हेतू व स्वरूप विशद करा आणि महाराष्ट्रातील तरतुदींशी त्यांची तुलना करा.
४. रेरा अधिनियमातील कलम १३ व १८ यांचे घरखरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्व सांगा.
५. नोंदणीबरोबरच नामांतरण करण्याच्या सुधारणेचे लाभ व मर्यादा यांचे मूल्यमापन करा.